रंगनाथकाकांचा दुसरा टक

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

लावला! आज पहाटे साडेपाचला वस्तीवरच्या दूध संकलन केंद्रावर माझा प्रोग्राम सुरू झाला. माझा म्हणजे माझाच, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. दिवसा मिरजगावच्या क्लासमध्ये टायपिंग शिकवायचं आणि घरी आल्यावर हा लिहायचा, असे चार महिने काढले. पहिली पावती प्रिंटरमधून सरकत बाहेर आली तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. बघू देत.

हे सगळं कशासाठी केलं ते लिहून ठेवते. गाईची कास सुजली की डॉक्टर इंजेक्शन देतात, ते औषध दुधात उतरतं, आणि मग चार दिवस त्या गाईचं दूध केंद्रावर घालायचं नसतं. एकीचं पाच लिटर जरी मिसळलं तरी कूलरमधलं, म्हणजे केंद्राच्या थंड टाकीतलं, बाराशे लिटर वाया. टँकरबरोबर डेअरीचे रविराज सर येतात, दुधात पट्टी बुडवतात. पट्टीवर दोन रेघा आल्या की दूध चांगलं, एकच आली की सगळ्या वस्तीचं दूध गटारात. पाडव्याला एकच आली. (त्या दिवशी रोज मशीनवर बसणारे रंगनाथकाका लेकीकडे जामखेडला गेले होते, मशीनवर आमचे चेअरमन मच्छिंद्रनाना बसले होते.) मग डेअरीचं पत्र आलं, की तीनदा असं झालं तर केंद्र बंद. एकदा तर झालंच आहे. केंद्र बंद म्हणजे सत्तर घरांनी रोज दोन वेळा किटल्या घेऊन नऊ किलोमीटर मिरजगावला जायचं. कोण जाणार आहे? गाई विकतील सगळे.

त्यावर माझा उपाय म्हणजे पॉपअप! इंजेक्शन दिलं की डॉक्टर नानांना फोन करतात. नानांनी त्या घराचा नंबर प्रोग्राममध्ये टाकायचा. पुढचे चार दिवस काकांनी तो नंबर दाबला की पडद्याच्या मधोमध चौकट उघडणार : ‘या घरी एका गाईला इंजेक्शन झालं आहे. तिचं दूध वेगळं ठेवलं आहे का?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. काका वाचणार, विचारणार, खल्लास. पिवळा रंग दिलाय, काळी कड दिलीय. इतकी देखणी चौकट मी जन्मात बनवली नव्हती.

रंगनाथकाका चौदा वर्षं त्या खुर्चीवर बसतात. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, “बरं.” एवढंच.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सकाळी पावणेसहाला नानांचा फोन. “रोहिणी, तुझा प्रोग्राम रुसला. रांग पार बाभळीपतुर गेली. बंद करून चालू करू का?”

“नाना, कशाला हात लावू नका!” म्हणाले आणि स्वेटर उलटा घालून पळाले.

काका सगळी बटणं दाबून दमले होते. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. मी मुख्य खिडकी जरा बाजूला ओढली तर काय! माझा पॉपअप तिच्यामागे उघडून गुपचूप उत्तराची वाट बघत बसलेला. तो मागे लपलेला, आणि त्याला उत्तर मिळेपर्यंत बाकी सगळं अडलेलं. मला इतकं हसू आलं की नाना वैतागले.

चूक माझीच. पॉपअप कुणाच्या नावावर उघडायचा हेच मी प्रोग्रामला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी दुरुस्त केलं. आता तो मुख्य खिडकीला बांधलेला, कायम तिच्या वर, आणि उघडला रे उघडला की कीबोर्ड त्याच्या ताब्यात. ‘हो’ हे बटण आधीच निवडलेलं, नुसतं एंटर दाबलं की काम झालं. काकांना माऊसला हात लावायची गरज नाही. वीस वेळा करून पाहिलं, वीसही वेळा पुढे आला. मी स्वतःवर बेहद्द खूश आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज मोबाईलवर घड्याळ लावून कोपऱ्यात बसले. काकांची बोटं बघत राहावी अशी चालतात. नंबर, मग एंटर दोनदा. टक-टक. नंबर, टक-टक. दोनदा कशाला विचारलं, तर म्हणाले, “जुन्या मशीनचं बटन एका दाबात धरत नव्हतं. दोनदा दाबायची सवय पडली.” दुसऱ्या एंटरचं माझ्या प्रोग्रामला काहीच वाटत नाही, रिकाम्या जागी पडतो बिचारा. राहू दिलं. चौदा वर्षांची सवय मोडायला मी कोण!

दुसरी एक सवय मात्र मोडली. प्रत्येक माणूस आला की काका मान वर करून विचारायचे, “गाय बरी हाय का?” मग तो माणूस गाईचं, वासराचं, वैरणीचं पुराण लावणार. मी म्हटलं, “काका, आता विचारायची गरज नाही. ज्या घरचं विचारायचं ते कॉम्प्युटर सांगेल.”

“न्हाई विचारायचं?”

“नाही.”

“बरं,” म्हणाले, आणि लगेच ऐकलं. माणशी अकरा सेकंद वाचली! सत्तर घरांची मिळून जवळजवळ तेरा मिनिटं, एका वेळेला! नानांना आकडा सांगितला तर त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चहा सांडला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नानांना पॉपअपमध्ये स्वतःचा फोटो आणि खाली ‘आपले विनम्र’ हवं आहे. बघते म्हटलं. बघणार नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

एकच रेघ आली.

रविराज सरांनी दुसरी पट्टी बुडवली, तिच्यावरही एकच. नाना तिसरी मागत होते. सर म्हणाले, “नाना, तिसरीनं काय होनार? माझ्या हातात असतं तर मी दूध नेलं असतं.” टँकर रिकामा वळला. कूलरची तोटी उघडली आणि बाराशे लिटर दूध गटारातून ओढ्याकडे गेलं. मला रडू येत होतं, पण सगळ्यांसमोर नाही रडले.

हे दुसऱ्यांदा. आता एकदाच उरलंय.

पण माझा पॉपअप होता ना! मग झालं कसं?

शनिवार, १५ नोव्हेंबर

सापडलं! आणि माझा प्रोग्राम निर्दोष आहे!

प्रत्येक पॉपअप कधी उघडला, कधी बंद झाला, उत्तर काय दिलं, याची नोंद प्रोग्राम स्वतः ठेवतो. माझीच हुशारी, आधीच करून ठेवलेली. आज ती उघडली. काल सकाळी सत्तावीस नंबरच्या घरासाठी पॉपअप आला होता. त्यांच्याकडे पाहुणे होते, गडबडीत दोन्ही गाईंचं दूध एका किटलीत पडलं. पॉपअपने विचारलं, आणि काकांनी उत्तर दिलं ‘हो’. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात!

पाच तारखेच्या दुरुस्तीनंतरच्या सगळ्या नोंदी काढल्या. एकूण तेरा पॉपअप. तेराही वेळा ‘हो’, तेराही वेळा डोळ्याचं पातं लवायच्या आत. एवढ्या वेळात माणूस पहिला शब्दसुद्धा वाचू शकत नाही. म्हणजे काकांनी एकही वाचला नाही. आला की ‘हो’, आला की ‘हो’. इतका राग आला मला! सत्तर घरांचा प्रश्न, आणि हा माणूस न वाचता ‘हो’ म्हणतो?

क्लासच्या प्रिंटरवर कागद काढला, तेरा ओळींखाली लाल पेनाने रेघा ओढल्या आणि नानांच्या हातात दिला.

रविवार, १६ नोव्हेंबर

नानांनी तो कागद रांगेसमोर वाचला. मी तसं सांगितलं नव्हतं. पण नको असंही म्हणाले नाही.

काका उभे राहिले. एवढंच म्हणाले, “मी हो कवा म्हनलो?”

“ह्यो कागद काय म्हनतोय मग?” नाना.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. त्यांनी खिशातून केंद्राची किल्ली काढली, टेबलावर ठेवली, खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल खांद्यावर घेतला आणि गेले.

जेवण गेलं नाही. पण खरं ते खरं. कागद खोटं बोलत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आजपासून मी बसतेय मशीनवर, सकाळ-संध्याकाळ. पॉपअप दोनदा आला. दोन्ही वेळा मी नीट वाचला, विचारलं, मग उत्तर दिलं. म्हणजे वाचणारा माणूस बसला की सगळं व्यवस्थित चालतं, हे सिद्ध झालं. रविराज सरांना पट्टी दोन रेघांची मिळाली. सर म्हणाले, “असंच महिनाभर चाललं तर आपल्या बाकीच्या केंद्रांवर पन लावू तुमचा प्रोग्राम.” बाकीच्या केंद्रांवर! मी घरी येईपर्यंत स्कूटीवर मोठमोठ्याने गात होते.

एकच कटकट. रांग काही सरकत नाही. प्रत्येक जण किटली तिरकी धरून उभा राहतो आणि विचारतो, “ओतू का?” अरे, ओता ना! नंबर झाला, एंटर दाबला, आता काय अक्षता टाकू?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ओतू का, ओतू का, ओतू का. सत्तर वेळा. वेड लागायची पाळी आली. मी आलेच नव्हते की काय इतकी वर्षं या केंद्रावर? (खरं तर नव्हतेच. आमचं दूध आई आणते. मी आले तेव्हा पडद्याकडे बघत बसले.)

बुधवार, १९ नोव्हेंबर

क्रमाने लिहिते.

सकाळी चांगुणा आली. वस्तीच्या पार टोकाला राहते, शेजारच्या झुंबरबाईंचे गुडघे धरलेत म्हणून त्यांचीही किटली तीच आणते. तिचा नंबर मी दाबला, एंटर दाबला. ती तशीच उभी. “ओतू का गं?”

माझा संयम सुटला. “चांगुणाताई, तुम्ही सगळे मला हेच का विचारताय? काकांना नव्हता विचारत!”

“त्येंला कशापायी विचारायचं? त्येंचं टक-टक ऐकू यायचं ना. पयला टक नंबराचा, दुसरा टक वतायचा. दुसरा झाला की आमी किटली वतायचो. तुझा एकच टक वाजतोय, मग कळावं कसं मानसाला?”

सगळी रांग हसली. मीही हसले. पुढचे चार नंबर दाबले. आणि मग पाचव्यावर माझं बोट हवेतच थांबलं.

पहिला टक नंबराचा. त्याच्यावर पॉपअप उघडतो. उघडला रे उघडला की कीबोर्ड त्याच्या ताब्यात, आणि ‘हो’ आधीच निवडलेलं. मीच केलं, पाच तारखेला, आणि वर स्वतःवर खूश झाले. मग काकांचा दुसरा टक येतो. कुठे पडतो तो? रिकाम्या जागी नाही. सरळ ‘हो’वर.

पॉपअप पडद्यावर दिसायच्या आधीच मरत होता. तेरा वेळा. काकांनी एकही पॉपअप न वाचता बंद केला हे खरं, पण त्यांना एकही दिसलाच नव्हता. “मी हो कवा म्हनलो?” ते खरंच विचारत होते.

आणि मी लाल रेघा ओढल्या.

दुपारी केंद्राला आतून कडी लावून एकटीने करून पाहिलं. काकांसारखं टक-टक. सेकंदाचा दहावा हिस्सा. उत्तर ‘हो’. पुन्हा केलं, पुन्हा ‘हो’. मग टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडून घेतलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आधी नानांकडे गेले. सगळं सांगितलं. नाना गोंधळले. “मंग त्यो कागद खोटा हुता व्हय?”

“कागद खरा होता नाना. मी चुकीचा वाचला.”

“आता गं?”

“तो रांगेसमोर वाचला होता ना, मग हेही रांगेसमोरच सांगायचं. मी सांगते.”

संध्याकाळच्या रांगेसमोर सांगितलं. चूक माझ्या प्रोग्रामची होती, काकांची नव्हती, ते खोटं बोलले नाहीत.

मग काकांच्या रानात गेले. ते कांद्याच्या रोपाला पाणी देत होते. मी बांधावर उभी राहून एका दमात सगळं बोलले. पॉपअप, दुसरा टक, सगळं. काका फावड्याने वाफ्यांची दारं मोडून पाणी पुढे वळवत राहिले. मग म्हणाले, “मंग आता काय, बोट तोडून देऊ?”

“बोट नाही काका. मी पॉपअप बदलते.”

“चौदा वर्सं ह्याच दोन टकांवर दूध चाललं. ह्या वस्तीत कुनी इंजेक्शनचं घालीत न्हाई मुद्दामहून. इसरतात. गडबड असती. मानसाच्या तोंडाकं बघून इचारलं की त्येला आठवतं. म्हनून मी इचारायचो, गाय बरी हाय का.” फावडं टेकवलं. “तर तूच म्हनलीस, इचारायचं न्हाई.”

मी अकरा सेकंद वाचवली होती. म्हणाले, “काका, चुकले.”

ते परत पाण्याकडे वळले. मी निघाले तेव्हा पाठीमागून आवाज आला, “पन ती पाटी येती कशी ते एकदा बघाया पायजे. म्या पायलीच न्हाई अजून.”

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

नवा पॉपअप! डोकं नुसतं धावतंय. ‘हो-नाही’ विचारणंच चूक होतं. ‘हो’ काय, कुणीही म्हणतं. असा प्रश्न पाहिजे की ज्याचं उत्तर कीबोर्डवर नाही, समोरच्या माणसापाशी आहे. म्हणजे माणसाला मान वर करावीच लागेल!

‘कोणत्या गाईचं दूध?’ बस्. उत्तरात गाईचं नाव लिहायचं. नाव लिहिल्याशिवाय चौकट बंद होणार नाही. एंटरने नाही, एस्केपने नाही, कोपऱ्यातली फुलीसुद्धा काढून टाकली. इंजेक्शनच्या गाईचं नाव लिहिलं तर चौकट लाल.

पण त्यासाठी वस्तीतल्या सगळ्या गाईंची नावं पाहिजेत. ती कुठून आणू? घरोघर फिरायला आठवडा जाईल.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आठवडा कसला, एक दुपार!

काका आले. खुर्चीवर नाही बसले, शेजारी बाकावर बसले. डोळे मिटले आणि सुरू झाले. “एक नंबर, गौरी, ढवळी. दोन नंबर, शिंगमोडी. तीन नंबर, लक्ष्मी, तिची लेक पन लक्ष्मीच, धाकली लक्ष्मी म्हन.” मी टाइप करत सुटले. बोटं दुखली तरी थांबेना. एका गाईचं नाव ‘पुण्यावाली’, कारण ती ज्या व्यापाऱ्याकडून घेतली तो पुण्याचा होता. एकीचं ‘आमदार’, कारण कुणाला जवळ येऊ देत नाही. आमच्या घराशी आले तेव्हा म्हणाले, “तुमची बांडी. उजवं थान जरा बारीक हाय तिचं.” मला माहीत नव्हतं. माझ्या घरची गाय!

सत्तर घरं, दोनशे अकरा गाई, एकही नाव अडलं नाही. हे सगळं आधीपासून त्या खुर्चीत बसलेलं होतं आणि मी त्यांना नुसता एंटर दाबायला बसवलं होतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज काकांनी दिवसभर माझा पॉपअप फोडायचा प्रयत्न केला. टक-टक, टक-टक, टक-टक-टक. नानांनी येऊन सगळी बटणं एकदम तळव्याने दाबली. कीबोर्डचं एक बटण उडालं, पण पॉपअप जागचा हलला नाही. मी नाचायची बाकी होते.

एक भोक सापडलं. काका नंबर टाइप करताना पुढच्या घराचा नंबरही घाईत दाबून मोकळे होतात, तो थेट नावाच्या जागी पडत होता. आता चौकट उघडली की आधी दाबलेलं सगळं फेकून देते आणि कोरी होते.

काका म्हणाले, “ही लई हट्टी केलीस.”

“हट्टीच पाहिजे काका.”

सोमवार, २४ नोव्हेंबर

काका पुन्हा खुर्चीवर. टक-टक. रांग सुरळीत, कुणी ‘ओतू का’ विचारत नाही. टॉवेल पाठीवर. नानांनी चहा आधी काकांना दिला.

संध्याकाळी रांग संपल्यावर डॉक्टरांचा फोन आला, झुंबरबाईंच्या कपिलीला आज इंजेक्शन दिलंय. नंबर एकेचाळीस. नानांनी नंबर आणि गाईचं नाव टाकलं, मी दोनदा तपासलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळची गोष्ट. आत्ता दुपारी लिहितेय.

थंडी इतकी की किटल्यांतून वाफ निघत होती. मी प्रिंटरचा कागद बदलायला गेले होते. चांगुणा आली, एका हातात स्वतःची किटली, दुसऱ्या हातात झुंबरबाईंची. आधी तिची झाली. मग काकांनी एकेचाळीस दाबला.

टक.

पॉपअप उघडला. मी पाहिला. काकांची नजर तोवर पुढच्या माणसाच्या किटलीकडे गेली होती, आणि बोट सवयीने खाली येत होतं.

टक.

दुसरा टक ऐकला आणि चांगुणानं किटली तिरकी केली.

पॉपअप तसाच. पिवळा, मधोमध, कोरा. काकांनी पडद्याकडे पाहिलं. “ही ऐकंना गेली,” म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी त्यांना कळलं. ते खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे पडली. “थांब!” म्हणून त्यांनी किटलीच्या तोंडावर सबंध पंजा दाबला. दूध बोटांतून त्यांच्या बाहीवर गेलं, खाली फरशीवर सांडलं. भांड्यात एक थेंब पडला नाही.

“चांगुणा, कोनत्या गाईचं हाय हे?”

“मला काय ठावं? ओट्यावर किटली हुती. रोजच्यावानी आनली उचलून.”

नानांनी झुंबरबाईंना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडून किंचाळीच. “अगं बया! ती कशाला आनली! ती कपिलीची, फेकून द्यायची हाय! दुसऱ्या गाईची, मोरीची किटली आत चुलीपाशी हाय, झाकून ठिवलेली!”

चांगुणा मटकन खाली बसली. “मी घालनार हुते की गं,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. काकांनी तिला उठवलं. “घातलं न्हाईस ना? मंग झालं. जा, ती दुसरी घिऊन ये. रांग थांबंल.”

आणि रांग थांबली. चांगुणा पळत गेली, पळत आली. काकांनी ओला हात टॉवेलला पुसला, चष्मा वर केला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं : मोरी. पॉपअप आपला आपण मिटला.

नऊ वाजता टँकर आला. निम्मी वस्ती कूलरभोवती उभी. रविराज सरांनी पट्टी बुडवली आणि माझ्या हातात दिली, “तुमीच बघा.” पहिली रेघ आली. दुसरी येईना. मग फिकट, मग गडद, मग स्पष्ट. दोन! दोन रेघा! मी ओरडले, नाना ओरडले, चांगुणानं मला मिठी मारली. मी काकांकडे पाहिलं, ते खुर्ची पुसत होते.

नोंद उघडली. एकेचाळीस नंबर, पॉपअप उघडल्यापासून मिटेपर्यंत : नऊ मिनिटं, चौदा सेकंद. हा कागद मी छापून घेतलाय. त्यावर रेघा ओढलेल्या नाहीत. केंद्राच्या भिंतीवर लावायला काकांनी नको म्हटलं, म्हणून या वहीत चिकटवतेय.

रविवार, ३० नोव्हेंबर

रविराज सर म्हणाले होते महिनाभर, पण काल स्वतःहून आले. पाथर्डीच्या बाजूची पाच केंद्रं देतो म्हणाले, दोन दिवसांत लावून होतील का? मी म्हटलं, नाही होणार. आधी प्रत्येक केंद्रावर दोन दिवस नुसतं बसायचंय, तिथला माणूस बटण कसं दाबतो, रांग कशावर हलते ते बघायला. आणि मला रंगनाथकाका बरोबर पाहिजेत. सर काकांकडे बघायला लागले. काका म्हणाले, “दुपारच्याला जमंल. सांजच्याला हितं पायजे मी.” मी आतल्या आत उड्या मारत होते!

आज सकाळी आईला म्हटलं, तू झोप, किटली मी नेते. रांगेत उभी राहिले. किती वर्षांनी! पाय गारठले. पुढे अकरा माणसं, आणि काका पुन्हा पूर्वीसारखं प्रत्येकाला मान वर करून विचारत होते, पॉपअप येवो न येवो. माझी सगळी अकरा-अकरा सेकंदं परत गेली. घड्याळ न लावताही कळलं.

माझा नंबर आला. काकांनी दुसऱ्या कुणाकडे बघावं तसंच माझ्याकडे पाहिलं.

“बांडी बरी हाय का?”

“बरी हाय काका. उजवं थान तेवढं बारीकच हाय.”

टक. टक. मी किटली ओतली.